पुण्यात राहून पहिली चांगली रेड वाइन कशी निवडायची: घरची वायनरी, जुन्या वेली आणि खिशाला परवडणारी बाटली

हे त्यांच्यासाठी लिहितोय ज्यांना रेड वाइन एकदा नीट पिऊन बघायचीय पण दुकानाच्या काउंटरला उभं राहिलं की काय मागायचं तेच सुचत नाही. पुण्यात बहुतेक जण दोनपैकी एक करतात. एकतर स्वस्तातली गोड पोर्ट वाइन घेऊन येतात आणि मग रेड वाइन गोडच असते असं कायमचं डोक्यात बसतं, नाहीतर कुणाच्या तरी अ‍ॅनिव्हर्सरीला द्यायची म्हणून दुकानदार पुढे करेल ती तीन हजाराची इंपोर्टेड उचलतात, ती उघडल्यावर इतकी तुरट लागते की घरातले सगळे एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवतात. मला मनापासून असं वाटतं की सुरुवात करणाऱ्याने या दोन्ही टोकांना जाऊच नये. एखाद्या कुटुंबाची छोटी वायनरी, त्यांच्याच गावातली जुनी बाग आणि त्या बागेतली साधी, रोजच्या जेवणाबरोबर प्यायची रेड, एवढं शोधायचं. तुमच्या पैशाला सगळ्यात जास्त मोल तिथे मिळतं. का मिळतं आणि पुण्यात बसून ते कसं शोधायचं ते सगळं खाली लिहितो.

सुरुवातीलाच दोन गोष्टी. महाराष्ट्रात वाइनसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात. आणि जो पीत नाही त्याने हा लेख वाचून सुरू करावं असं माझं अजिबात म्हणणं नाही, जे अधूनमधून पितातच त्यांनी कमी प्यावी आणि चांगली प्यावी एवढ्यासाठी हे आहे.

पायरी १: जुनी वेल म्हणजे किती जुनी ते समजून घ्या

द्राक्षाची वेल लावल्यापासून साधारण तिसऱ्या वर्षी माल द्यायला लागते. पुढची दहा-पंधरा वर्षं ती जोरात असते, भरपूर घड, भरपूर मणी. मग हळूहळू माल कमी होतो. खाण्याच्या द्राक्षाचा बागायतदार इथे हिशेब करतो आणि बाग काढून नवीन लावतो, त्यात त्याचं काही चूक नाही कारण त्याला किलोवर पैसे मिळतात. वाइनवाल्याचा हिशेब मात्र थोडा वेगळा असतो. जुन्या वेलीला घड कमी लागतात, मणी बऱ्याचदा बारीक असतात, आणि रेड वाइनचा रंग, वास, तुरटपणा हे सगळं मुख्यतः सालीतून येतं, त्यामुळे बारीक मणी म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. शिवाय इतक्या वर्षांत मुळं खोल गेलेली असतात, पाऊस लांबला किंवा मध्येच ऊन तापलं तरी वेल लगेच हबकत नाही, द्राक्ष एकसारखं पिकतं. म्हणून जुन्या बागेची वाइन बरेचदा भरदार लागते, तोंडात थोडा वेळ राहते.

बरेचदा म्हणतोय, नेहमी नाही. नुसती वेल जुनी असली आणि बागेची काळजी नीट घेतली नसली, किंवा सेलरमध्ये, म्हणजे वाइन करतात-मुरवतात त्या जागेत, घाण असली तर वाइन बिघडतेच. आणि लेबलवर "ओल्ड व्हाइन" छापायला बहुतेक देशांत कायद्याचं बंधन नाही, वीस वर्षांच्या बागेलाही कुणी जुनी म्हणू शकतं. फ्रेंच बाटलीवरचं "व्हिएय व्हीन्य" किंवा स्पॅनिश बाटलीवरचं "विन्यास व्हिएखास" यालाही तेच लागू. त्यामुळे लेबलवर आकडा किंवा लागवडीचं साल दिलंय का ते बघायचं. ऑस्ट्रेलियाच्या बरोसा भागातल्या लोकांनी २००९ मध्ये स्वतःहून पायऱ्या ठरवल्या, ३५ वर्षांच्या वर ओल्ड, ७० च्या वर सर्व्हायव्हर, १०० च्या वर सेंटेनेरियन आणि १२५ च्या वर अ‍ॅन्सेस्टर. दक्षिण आफ्रिकेत ३५ वर्षांवरच्या बागांच्या बाटलीला एक शिक्का मिळतो आणि त्यावर लागवडीचं साल असतं, हे मला फार आवडतं, ग्राहकाला काही विचारावंच लागत नाही. आता २०२४ मध्ये ओआयव्ही या द्राक्ष-वाइनच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही ३५ वर्षं हीच रेघ धरली, म्हणजे तेवढ्या वयाची कागदोपत्री नोंद असलेली वेल ती जुनी वेल.

आता आपल्याकडे ही मोजपट्टी लावली तर हाताला फार कमी लागेल, कारण आपल्या वेलीचं आयुष्यच वेगळं आहे. युरोपात थंडीत वेल झोपते, पानं गळतात, तीन-चार महिने पूर्ण आराम. आपल्याकडे तेवढी थंडीच नाही त्यामुळे वेल झोपत नाही, म्हणून वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी. माल एकदाच घेतात, जानेवारी ते मार्च, पण वेल वर्षभर राबत असते आणि त्यात भुरी, डाऊनी असे रोग, अवकाळी, कधी गारपीट. त्यामुळे महाराष्ट्रात वाइनच्या द्राक्षाची बाग पंधरा-वीस वर्षांची झाली आणि अजून कुणी कुऱ्हाड लावली नाही तर ती मी बिनदिक्कत जुनी धरतो. तिचा मालक किलोमागचा हिशेब बाजूला ठेवून चाललाय हे त्यातूनच कळतं.

पायरी २: घरची वायनरी कमी पैशात चांगली वाइन का देऊ शकते

हे नीट कळलं की पुढची निवड सोपी जाते म्हणून इथे जरा थांबतो.

बाटलीच्या किमतीत द्राक्षाचा वाटा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी असतो. जमीन, कर्जाचं व्याज, नवीन फ्रेंच ओकची पिंपं, जड काच, जाहिरात, डिस्ट्रिब्यूटर, टॅक्स, हे सगळं त्यात असतं. ज्या कुटुंबाकडे जमीन आजोबांपासून आहे, बागेचं कर्ज कधीच फिटलेलं आहे, छाटणीला घरातलीच माणसं उभी राहतात आणि वाइन स्टीलच्या किंवा सिमेंटच्या टाकीत करतात, त्यांचे यातले निम्मे खर्च नाहीतच. वर त्यांचं गाव फॅशनमधलं नसेल आणि द्राक्षाची जात पण नावाजलेली नसेल तर ते किंमत वाढवूच शकत नाहीत. हाच तुमचा फायदा.

स्पेनमधलं आरागॉन घ्या. कालातायुद, काम्पो दे बोर्खा, कारिन्येना हे तिथले पट्टे, गार्नाचा नावाचं द्राक्ष, काही बागा समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या वर, वेली मांडवावर किंवा तारेवर चढवलेल्या नाहीत, नुसत्या झुडपासारख्या जमिनीलगत. स्पेन १९८६ मध्ये युरोपियन समुदायात गेला आणि नंतर वाइन जास्त होतेय म्हणून बागा उपटायला अनुदान मिळायला लागलं. बऱ्याच लोकांनी जुन्या गार्नाचाच्या बागा काढल्या कारण माल कमी यायचा. ज्यांनी हट्टाने ठेवल्या त्यांच्या नातवंडांकडे आज पन्नास-साठ वर्षांच्या, काही ठिकाणी त्याहून जुन्या वेली आहेत आणि तरी ती वाइन तिकडे पाच ते दहा युरोत मिळते. फ्रान्सच्या दक्षिणेला लांगदोकमध्ये कारिन्यान जातीचं असंच झालं. स्पेनच्याच हुमिया भागात मोनास्त्रेल, तिथे जमीन इतकी कोरडी आणि रेताड की फिलॉक्सेरा नावाच्या ज्या किडीने एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बागा खाल्ल्या ती काही ठिकाणी टिकलीच नाही, त्यामुळे कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळावरच्या जुन्या वेली अजून आहेत. चिलीच्या माउले भागात जुनं कारिन्यान. या सगळ्यांत धागा एकच, द्राक्ष कुणी डोक्यावर घेतलेलं नाही, बाग जुनी आणि मालक गावातलाच.

ही नावं लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील. पण पहिली बाटली इथलीच घ्यायची, ते पुढच्या पायरीत.

पायरी ३: आपल्या आजूबाजूला बघा

पुणेकरांना वाइन म्हटलं की नाशिक आठवतं आणि ते बरोबरच आहे, पण सुरुवातीची मोठी गोष्ट पुणे जिल्ह्यातलीच, नारायणगावची. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी तिथे फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाइन करायला घेतली आणि ती परदेशात गेली. ती कंपनी पुढे टिकली नाही पण वाइनसाठी वेगळं द्राक्ष लावायचं असतं ही गोष्ट जुन्नर तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी तिथे डोळ्यांनी बघितली. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, द्राक्षाच्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट मिळाली आणि मग नाशिक, सांगली, सोलापूर सगळीकडे वायनऱ्या उभ्या राहिल्या. बऱ्याच बंद पडल्या. ज्या राहिल्या त्यांच्या बागा आता खरंच वयात आल्यात.

तुम्ही बघाव्यात अशा काही. निफाडजवळ कुंदेवाडीला पाटील कुटुंबाची रेव्हेलो, ते सांजोवेसे आणि नेरो दाव्होला अशी इटालियन जातीची द्राक्षं लावतात, निफाडची थंडी आपल्याला बातम्यांतून माहीतच आहे आणि त्या थंड रात्रींमुळे द्राक्षातली आंबटाई टिकते जी वाइनला फार गरजेची असते. अकलूजची फ्रातेली, मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून काढलेली, आता ती छोटी राहिली नाही पण तिच्या खालच्या किमतीच्या रेड सुरुवातीला चांगल्या आहेत आणि पुण्यात सहज मिळतात. इगतपुरीकडे व्हॅलोने, आकाराने छोटी. आणि खरंच जुन्या वेली हव्या असतील तर बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची ग्रोव्हर, कंवल ग्रोव्हर यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे फ्रेंच जातींची लागवड सुरू केली, देशातल्या वाइन द्राक्षाच्या सगळ्यात जुन्या बागांमध्ये तिची गणना होते. त्यांची ला रिझर्व्ह ही कॅबर्ने आणि शिराझ या दोन जाती मिसळून केलेली रेड पुण्यात मिळते, पहिल्या बाटलीला थोडी महाग आहे, दुसऱ्या-तिसऱ्याला घ्या.

बजेट म्हणाल तर इथली रोजची रेड साधारण सातशे ते बाराशेत येते. त्याच्या खाली शक्यतो जाऊ नका आणि पहिल्यांदा त्याच्या वर जायची गरज पण नाही. "रिझर्व्ह" लिहिलेली बाटली बहुतेक वेळा पिंपात ठेवलेली असते, लाकडाचा, व्हॅनिलाचा वास येतो, काहींना तो लगेच आवडतो, पण द्राक्ष स्वतः कसं आहे हे कळायचं असेल तर आधी बिनपिंपाची साधी प्या.

जात कुठली? नवीन माणसाला मी कॅबर्ने सोव्हिन्यो आधी सांगत नाही, ती तुरट असते. शिराझ घ्या किंवा सांजोवेसे, तेम्प्रानियो मिळाली तर ती. परदेशी घेणार असाल तर गार्नाचा, हिलाच फ्रान्समध्ये ग्रेनाश म्हणतात, तुरटपणा कमी आणि फळाचा वास भरपूर.

पायरी ४: इंपोर्टेडचं गणित

पटकन सांगतो. बाहेरून येणाऱ्या वाइनवर आपल्याकडे एकूण १५० टक्के कस्टम ड्युटी चालत आलीय, वर राज्याचे कर, वर इंपोर्टरचा आणि दुकानाचा नफा. म्हणून तिकडे सहा युरोची घरची गार्नाचा इथे दोन हजाराच्या पुढे जाते आणि मग ती व्हॅल्यू राहत नाही, वाइन तीच, फक्त तुम्ही ड्युटी पिताय. ऑस्ट्रेलियाचं जरा वेगळं आहे, २९ डिसेंबर २०२२ पासून त्यांच्याबरोबरचा व्यापार करार लागू झाला, त्यात बाटलीची आयात किंमत ५ अमेरिकी डॉलरच्या वर असेल तर ड्युटी १०० टक्क्यांवर आली आणि दरवर्षी उतरत ५० पर्यंत जाणार, १५ डॉलरच्या वर असेल तर ७५ वरून २५ पर्यंत. त्यामुळे बरोसाची जुन्या वेलींची शिराझ पुढच्या काही वर्षांत बघण्यासारखी असेल.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कुणी नातेवाईक परदेशातून येत असेल तर सांगून ठेवणं. एका माणसाला दोन लिटर दारू ड्युटी न भरता आणता येते, म्हणजे दोन बाटल्या आरामात. त्यांना व्हिस्की सांगायच्या ऐवजी वर दिलेली गावांची नावं व्हॉट्सअ‍ॅप करा. बाटलीवर "वायनरीतच भरली" अशा अर्थाचं वाक्य असतं, फ्रेंचमध्ये ते "मी-झाँ-बुतेय" ने सुरू होतं आणि पुढे शातो, दोमेन किंवा प्रोप्रिएते असं काहीतरी येतं, त्याचा फोटो मागवून घ्या. त्या वाक्यामुळे दुसऱ्याकडून टँकरने वाइन आणून फक्त लेबल लावणाऱ्या बऱ्याच बाटल्या गळतात.

पायरी ५: दुकानात काय बघायचं

पुण्यात पाटीवर वाइन्स लिहिलेलं असलं तरी आत सगळा माल व्हिस्की आणि बिअरचाच, वाइन कोपऱ्यात. कॅम्प, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, औंध, बाणेर इकडे मोठी दुकानं आहेत जिथे आत फिरून बाटली हातात घेऊन बघता येते, जाळीतून मागायची गरज नाही, पहिल्यांदा तिथेच जा. एसी असलेलं दुकान असेल तर फारच उत्तम कारण वाइनला पुण्याचा एप्रिल-मे सोसत नाही. एखाद्या दुकानात बाटली वर्षभर ट्यूबलाइटखाली उभी, शटरमधून दुपारचं ऊन तिच्यावर, अशी बाटली वायनरीने कितीही प्रेमाने केलेली असली तरी ती मेलेली असते.

तर बाटली घेताना एवढं बघा. मागच्या लेबलवर द्राक्ष कुठल्या वर्षीचं आहे ते असेल तर वाचा, आपल्याकडची साधी रेड ही तीन-चार वर्षांच्या आत प्यायची असते, सात वर्षं जुनी बाटली दुकानदार "जुनी आहे म्हणून भारी" म्हणून देत असेल तर नको म्हणा. वेल जुनी पाहिजे, बाटली ताजी पाहिजे. कॉर्कवालीचं बूच वर सरकलेलं दिसतंय का, गळ्याजवळ चिकट ओघळ आहे का, असेल तर ती उन्हात तापलीय. वाइनची पातळी गळ्यात असावी, खांद्यापर्यंत उतरलेली नको. स्क्रू कॅप दिसली म्हणून हलकी समजू नका, उलट आपल्या हवेत मला स्क्रू कॅपच जास्त भरवशाची वाटते. आणि शोकेसमधली बाटली न घेता सरळ सांगा की दादा, आतून बॉक्समधली द्या. देतात.

कागदावर पत्ता कुणाचा आहे तेही वाचा. द्राक्ष पिकवणारा आणि वाइन करणारा एकाच गावचा असेल तर लेबलवर ते अभिमानाने सांगितलेलं असतं, गट नंबर, शिवार, कधीकधी बागेचा फोटोसुद्धा. काहीच नसेल आणि नुसतं मोठं नाव आणि एखाद्या औद्योगिक वसाहतीचा पत्ता असेल तर ती वाईट असेलच असं नाही पण तुम्ही जे शोधताय ती ती नव्हे.

ड्राय डे आधी बघून ठेवा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर सगळ्यांना पाठ असतात पण अनंत चतुर्दशीला पाहुणे येणार आणि बाटली आणायची राहिली असं पुण्यात दरवर्षी कुणाचं तरी होतं.

पायरी ६: घरी आणल्यावर

इथे सगळ्यात जास्त वाइन वाया जाते म्हणून सविस्तर लिहितो.

पुस्तकात लिहिलेलं असतं की रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी. ती रूम युरोपातली, जुन्या दगडी घरातली, १६ ते १८ डिग्रीची. आपल्या घरात मार्च ते जून पंख्याखाली ३० च्या वर असतं, त्या तापमानाला कुठलीही रेड नुसती अल्कोहोलसारखी नाकात जाते, फळ दिसतच नाही. त्यामुळे प्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास बाटली फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. डिसेंबर-जानेवारीत वीस मिनिटं पुरे. ग्लासात बर्फ टाकू नका, वितळून पाणी होतं आणि जुन्या वेलीचे जे पैसे दिले ते गेले. गार झालेली ग्लासात आपोआप थोडी वर येते, गरम झालेली खाली येत नाही, म्हणून जरा जास्त गार चालेल.

लगेच प्यायची नसेल तर बाटली कुठे ठेवायची? किचन ओट्याजवळ नाही, फ्रीजच्या डोक्यावर नाही, गॅलरीच्या काचेच्या कपाटात तर नाहीच. घरात सगळ्यात आतली खोली, लाकडी किंवा लोखंडी कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा, जिथे उन्हाळ्यात पण हात लावला तर गार लागतं, तिथे कॉर्कची बाटली आडवी करून. तरी मे महिना घरात काढू देऊ नका, त्याच्या आधी पिऊन टाका.

उघडायला साधा वेटर लोक वापरतात तो घडीचा कॉर्क स्क्रू घ्या, कुठल्याही भांड्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. दोन पंखांवाला बुचाचा चुरा करतो. ग्लास महाग नको, फक्त काचेचा, बुडाला रुंद आणि तोंडाला थोडा निमुळता असावा आणि तिसऱ्या हिश्शापर्यंतच भरा, म्हणजे गोल फिरवता येतो. स्टीलचा पेला नको, रंग दिसत नाही.

साधी तरुण रेड असेल तर उघडून वीस-पंचवीस मिनिटं ग्लासात ठेवली की खुलते. डिकँटर वगैरे काही लागत नाही, काचेच्या जगमध्ये ओतली तरी तेच काम होतं. तळाला काळसर गाळ दिसला तर घाबरू नका, शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या.

पायरी ७: पहिला घोट

आधी बघा, मग फिरवा, मग नाक आत घालून वास घ्या, घाई करू नका. चांगल्या शिराझमध्ये जांभूळ, करवंद, मिरी असे वास येतात, आपल्याला ब्लॅककरंट वगैरे माहीत असायची गरज नाही, जे आठवेल ते नाव द्या. मग छोटा घोट, लगेच गिळू नका, तोंडभर फिरू द्या.

तीन गोष्टी ओळखा. आंबटपणा, ज्याने गालाच्या आत पाणी सुटतं. तुरटपणा म्हणजे टॅनिन, भरपूर जांभळं खाल्ल्यावर जीभ जशी ओढली जाते तसं होतं, ते सालीतून आणि बियांतून येतं. आणि गिळल्यावर चव किती वेळ राहते ती. हे तिसरं नीट बघा, जुन्या वेलीची वाइन इथेच वेगळी कळते. स्वस्त, भरमसाट माल काढलेल्या बागेची वाइन तोंडात आल्या आल्या चांगली वाटते आणि गिळली की संपली. चांगल्या बागेची गिळल्यावर सुद्धा हळूहळू काहीतरी सांगत राहते, तुरटपणा असतो पण तो खरखरीत नसतो, मऊ असतो.

भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर कॉर्क बिघडलेला आहे, व्हिनेगरचा आला तर वाइनच गेलीय, दोन्ही वेळा तुमच्या जिभेला दोष देऊ नका. ओळखीचं दुकान असेल तर बदलून देतात, म्हणून बाटली अर्धी संपवायच्या आधी ठरवा आणि बिल जपून ठेवा.

फरक पटकन कळायचा असेल तर चार मित्रमैत्रिणी मिळून दोन बाटल्या घ्या, एकाच जातीच्या, एक मोठ्या कंपनीची सगळ्यात खालची आणि एक घरच्या वायनरीची जुन्या बागेची, दोन्हीला कागद गुंडाळून शेजारी शेजारी ओता. ७५० मिलीच्या बाटलीत साधारण पाच ग्लास होतात, चौघांत दोन बाटल्या म्हणजे प्रत्येकाला अडीच ग्लास होतात, एवढ्या एका संध्याकाळी संपवायच्याच असं नाही, उरलेल्याचं पुढे सांगतो. शेजारी ठेवून प्यायल्याने जे कळतं ते दहा लेख वाचून कळत नाही.

पायरी ८: आपल्या जेवणाबरोबर

रेड वाइनला चीज आणि पास्ताच लागतो हे डोक्यातून काढा. तिखट आणि टॅनिन यांचं मात्र वैर आहे, तिखटाने जीभ पेटलेली असताना तुरट, कडक वाइन आणखी जाळते. म्हणून मिसळ, ठेचा, झणझणीत तांबडा रस्सा यांच्याबरोबर रेड नको. पण मध्यम मसाल्याचं सुकं मटण, खोबरं-कांदा भाजून केलेलं, त्याच्याबरोबर शिराझ किंवा गार्नाचा इतकी छान जाते की विचारू नका, मटणाची चरबी टॅनिनला मऊ करते आणि वाइन पुढचा घास हलका करते. खिमा पाव पण मस्त. शाकाहारी घरात भरली वांगी, दाण्याचं कूट घातलेली, तिखट जरा बेतानं. मशरूम मसाला, राजमा, पनीर तंदूर. भाकरी आणि पिठलं मी सांजोवेसेबरोबर आवर्जून खातो, बेसनाचा जडपणा त्या आंबटाईने कापला जातो.

मासे नकोत, निदान बांगडा आणि सुरमई तरी नको, वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात धातूची चव येते. गोड पण नको, श्रीखंडानंतर रेड एकदम कडू आणि पाणचट लागते.

पाणी शेजारी ठेवा आणि घोटाआड प्या. आणि गाडीला हात लावू नका, कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे, एक-दोन ग्लासांतच माणूस तिच्या पलीकडे जाऊ शकतो, रिक्षा किंवा कॅब करा.

पायरी ९: उरलेली बाटली आणि पुढची बाटली

उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा, तीन-चार दिवस चांगली राहते. गंमत म्हणजे जुन्या बागेची रेड दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते, पातळ वाइन दुसऱ्या दिवशी कोसळते, त्यामुळे अर्धा ग्लास मुद्दाम दुसऱ्या दिवसासाठी ठेवून बघा. पाचव्या दिवशी मटणाच्या मॅरिनेशनला वापरा.

प्यायलेल्या प्रत्येक बाटलीच्या पुढच्या आणि मागच्या लेबलचा फोटो काढा आणि फोनमध्ये दोनच ओळी लिहा, कशाबरोबर प्यायलो आणि परत घेईन का. पाच-सहा बाटल्या झाल्या की तुमची आवड तुम्हालाच दिसायला लागते.

आणि जमलं तर हंगामात एकदा बागेत जा. जानेवारी ते मार्च काढणी चालू असते, नाशिक आपल्यापासून साधारण दोनशे दहा किलोमीटर, अकलूज एकशे सत्तरच्या आसपास, पहाटे निघालं की एका दिवसात होतं. आधी फोन करून जा, छोट्या वायनरीत काढणीच्या दिवसांत सगळे बागेतच असतात. टेस्टिंगला थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, तिथले स्वतः वाइन करणारे लोक तेच करतात. तिथे गेल्यावर वाइनच्या आधी बाग दाखवा म्हणून सांगा. विचारा लागवड कधीची आहे, खुंट (ज्या मुळावर कलम केलंय तो) कुठला आहे, एकरी माल किती घेता. खाण्याच्या द्राक्षाला दहा टनांच्या आसपास काढतात, वाइनवाला त्याच्या निम्म्याहून खाली सांगत असेल तर कान टवकारा. वेलीचं खोड हाताने धरून बघा, ओलांडे, म्हणजे खोडावरून बाजूला गेलेल्या फांद्या, किती जाड झालेत बघा. मालक जर छाटणीबद्दल वाइनपेक्षा जास्त वेळ बोलला तर तिथून सहा बाटल्यांचा बॉक्स घ्या, वायनरीवर बऱ्याचदा बॉक्सला थोडी सवलतही मिळते. फक्त परतताना डिकीत उन्हात ठेवू नका, मागच्या सीटखाली ठेवा आणि एसी चालू ठेवा.